आधी खोटं खोटं

परभणीच्या स्टँडवर सोनपेठची पाटी लावलेली एसटी उभी असायची, आत सोनपेठचीच माणसं पिशव्या सांभाळत बसलेली असायची, तरी माणिक सर आधी कंडक्टरला विचारायचे, "सोनपेठलाच जायलीय ना?" कंडक्टर हो म्हणाला की ड्रायव्हरला विचारायचे. मग आत येऊन पहिल्या बाकावर जी कुणी म्हातारी बसली असेल तिला विचारायचे आणि तिचाही होकार आला की खिडकीशी बसायचे. एका कंडक्टरने एकदा वैतागून सांगितलं, "न्हाई, नागपूरला जायलीय." सर खरोखर खाली उतरले. मी हाताला धरून त्यांना परत वर चढवलं. सगळी गाडी हसत होती आणि सरही हसत होते, पण बसण्याआधी त्यांनी म्हातारीला पुन्हा एकदा विचारलंच.

आम्ही दोघं सोनपेठच्या एका कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ते कॉम्प्युटर. कामासाठी परभणीला जाणं बऱ्याचदा बरोबर व्हायचं, त्यामुळे हा तमाशा मी पुष्कळदा पाहिला. स्टाफरूममध्ये सगळे त्यांना 'संशयी माणिक' म्हणत. चहा आला की आधी बशीत घोटभर ओतून चाखायचे, मग कप तोंडाला लावायचे. लॅबला कुलूप लागलं की ते दोनदा ओढून बघायचे, मग मागे जाऊन चोरासारखी खिडकी हलवायचे. शिपाई चिडायचा. सर त्याला समजावत, "ज्याला चोरी सुचत न्हाई, त्याला कुलूप जमत न्हाई बाबा." हा माणूस कुणावरच विश्वास ठेवत नाही, असं मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं.

अभ्यासक्रमात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट नावाचा भाग आला तेव्हा तो कुणालाच नको होता. सर म्हणाले, द्या इकडं. लॅबमधले कॉम्प्युटर जुने, लाईट मनाची राणी, कॉलेजचं इंटरनेट असून नसल्यासारखं. सर आपला मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचे, कारण रेंज तिथंच यायची, आणि त्यावरून एकेका मशीनवर लागणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे. उतरवता उतरवता लाईट जायची. सर म्हणायचे, "चला, पहिल्यापासून." आवाजात वैताग नसायचा. पेरणी मोडल्यावर दुबार पेरणाऱ्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता.

मी मोकळ्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायची, कारण पंखा फक्त लॅबमध्ये चालायचा. त्यामुळे चार गोष्टी माझ्याही कानावरून गेल्या. सर सांगायचे, "कागदावरचा करार माणूस फाडतो. तोंडी करार माणूस विसरतो. हा करार असा हाय की सगळ्या गावापुढं एकदा बोललं, आणि सगळ्या गावाच्या वहीत एकाच वेळी उतरलं. आता एकानं आपली वही फाडली तरी बाकीच्यांच्यात हायच. आणि तो करार आपला आपण चालतो. अट पुरी झाली तर हो, न्हाई तर न्हाई. त्याला ना भीड पडती, ना पाव्हणेपण आडवं येतं."

पण आधी तो आपल्याच मशीनवर चालवून बघायचा, मग सरावाच्या नेटवर्कवर सोडायचा आणि सगळ्यात शेवटी खऱ्या. "आधी खोटं खोटं, मग खरं खरं," हे ते इतक्यांदा म्हणायचे की पोरं त्यांच्या आधीच सुरात म्हणायची. सरावाच्या नेटवर्कवर वापरायची नाणीही खोटीच, ती 'फॉसेट', म्हणजे नळ, नावाच्या वेबसाइटवरून फुकट घ्यायची असतात म्हणे. सर म्हणाले, "आपल्या खऱ्या नळाला पाणी न्हाई, आणि हितं खोट्या नळाला नाणी यायलीत." त्या दिवशी पोरं पोट धरून हसली होती.

शिकवण्यासाठी त्यांनी उदाहरण घेतलं ते विहिरीचं. पाच घरांची एक सामाईक विहीर, मोटार एक, पाण्याची बारी, म्हणजे पाळी, ठरलेली. त्यातलं एक घर दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. ते घर फडावर असताना त्याच्या बारीचं पाणी बाकीच्यांनी वाटून घ्यायला हरकत नाही, पण बारी त्याचीच राहिली पाहिजे. आल्यावर ती त्याला मागावी लागू नये, आणि बदलायची तर पाचही जणांनी आपापल्या मोबाईलवरून हो म्हटलं पाहिजे. एवढीच गोष्ट. मग सर पोरांना चोर करायचे. "तू दुसऱ्याची बारी आपल्या नावावर करून बघ. तू दोन घरं फितवून बघ. तू फडावर गेलेल्याच्या नावानं हो म्हणून बघ." चोरी जमली की सर खूश व्हायचे, भोक बुजवायचे आणि नवा चोर उभा करायचे.

एकदा एका मुलीने हात वर केला. तिचे आईवडील तोडीला जायचे. ती म्हणाली, "सर, जो परत येतच न्हाई, त्याच्या बारीचं काय?"

सर फळ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्याची तशीच राहील. म्या पुसायची सोयच ठेवली न्हाई."

विहीर खरी होती, हे मला नंतर कळलं. सोनपेठपासून थोड्या अंतरावर, गोदावरीच्या बाजूला सरांचं गाव. विहीर त्यांच्या भावकीची. फडावर जाणारं घर होतं त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं. दादा आणि वहिनी कोयता घेऊन दरसाल जायचे. दादांनी ऊस तोडून धाकट्याला परभणीला शिकवलं होतं. त्यांची एक रीत होती. निघायच्या दिवशी दादा घराला कुलूप लावायचे आणि चावी माणिकच्या हातात द्यायचे. सरांच्या घरात दाराशेजारी एक खिळा आहे, तो त्याच चावीसाठी. गावातले बाकीचे तोडकरीही सरांकडेच चाव्या ठेवत, पण त्या डब्यात. खिळा दादांचा.

एका वर्षी दादा परत आले तर त्यांची उन्हाळी बारी गेलेली होती. चुलतभाऊ सखाराम म्हणाला, उन्हाळ्यात यांची बारी कधी ठरलीच नव्हती. पारावर बैठक बसली. बाऱ्या ठरल्या तेव्हा माणिक तिथं हजर होता, शिकलेला माणूस, तो सांगेल ते मंजूर, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. सगळे सरांकडे बघायला लागले. आणि सर म्हणाले, "मला आठवत न्हाई."

हे त्यांनी मला कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. "खरंच आठवत न्हवतं का, मॅडम, का सखारामकडं बघून आठवंना, ते मला आजपतुर कळलं न्हाई. दादा पारावरून उठून गेला. भुईमूग वाळला, तो वाळला. पण पुढच्या दसऱ्याला चावी दुसऱ्याच्या घरी गेली. मोकळ्या खिळ्याकडं बघत जेवायचं म्हणजे काय असतं, तुमाला सांगून कळायचं न्हाई."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "अहो, जाऊन माफी मागा की."

"मागितली. तो म्हणला, माफी कशाची? तुला आठवत न्हाई, त्यात तुझा काय कसूर?" सर हसायचा प्रयत्न करत होते. "असं बोलल्यावर माणसानं काय करावं? म्हणून म्हणलं, न विसरणारं काहीतरी करून ठेवावं."

त्यानंतर एक दिवस ते माझ्याकडे आले, एखादी कविता दाखवायला आलेल्या मुलासारखे अवघडून. म्हणाले, कुणी दुसऱ्याची बारी घ्यायला गेला तर कॉन्ट्रॅक्ट त्याला अडवतं आणि एक वाक्य दाखवतं. ते वाक्य आपण लिहायचं असतं. "तर मॅडम, नकार कसा लिहावा? शुद्ध लिहू, का घरच्यासारखं?"

मी म्हणाले, "घरच्यासारखं लिहा. नकार शुद्ध भाषेत लिहिला की नोटीस होते."

त्यांना ते पटलं. काय लिहिलं ते मात्र दाखवलं नाही.

दसरा झाला आणि सरांनी विहिरीवर पाचही घरांना बोलावलं. मला हट्टाने नेलं, साक्षीला म्हणून. लिंबाखाली बसून त्यांनी एकेकाच्या मोबाईलवर खातं काढून दिलं. दादा आले नव्हते. वहिनी आल्या, डोक्यावरचा पदर सावरत, आणि त्यांच्या मोबाईलवर दादांच्या घराचं खातं निघालं. प्रत्येक खात्याला बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते ज्याच्याजवळ, खातं त्याचं. सरांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर शब्द लिहायला लावले आणि घसा कोरडा होईतो सांगितलं, "हे कुणाला दाखवायचे न्हाईत. बायकोला न्हाई, पोराला न्हाई. मी मागितले तरी मला द्यायचे न्हाईत. कळलं का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मग सरावाच्या नेटवर्कवर करार सोडला गेला. मोबाईल विहिरीच्या कठड्यावर ठेवला होता. थोडा वेळ काहीतरी गोल गोल फिरत राहिलं आणि मग हिरवी खूण आली. सरांनी ती चारचौघांना दाखवली, सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतली, मगच त्यांना खरी वाटली. खऱ्या नेटवर्कवर कधी, असं मी विचारलं. म्हणाले, "एक टेस्ट राह्यलीय. दादानं परत यावं आणि त्याची बारी त्याला न मागता मिळावी. ती टेस्ट लॅबमधे होत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सखाराम सरांच्या दारात आला. खिशातून चिठ्ठी काढली. "माणिक, ही तुझ्याकडंच असू दे. माझ्या घरात उंदरं लय झालीत." मग दुसरा आला. त्याला ते शब्द वाचता येत नव्हते, मग ठेवून करायचंय काय? तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "आमच्या घराची चावी तुमच्याकडं ऱ्हाती, मग ही कामून न्हाई?" सर ओरडले, हात जोडले, पुन्हा सगळा सिद्धान्त समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चिठ्ठ्या तिथंच ठेवून गेले. सोमवारी कॉलेजात येऊन सर खुर्चीत कोसळले. "मॅडम, सगळं मुसळ केरात. कुणाच्या भरवशावर ऱ्हायची पाळी येऊ नये म्हणून हे यंत्र केलं, आणि ह्या लोकांनी सगळं उचलून माझ्याच भरवशावर ठिवलं." ते हसत होते, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चिठ्ठ्या त्यांनी चाव्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या.

सगळ्यात शेवटी वहिनी आल्या, निघायच्या दिवशी. एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात घराची चावी. सरांनी विचारलं, "दादानं दिलीय?"

वहिनी म्हणाल्या, "त्यांनी न्हाई म्हणलं न्हाई."

सरांना तेवढं पुरलं. चावी खिळ्याला लागली. तोडकऱ्यांचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा सर रस्त्याला जाऊन उभे राहिले. ट्रॉलीत सामानाच्या ढिगावर दादा पाठमोरे बसले होते. ट्रॅक्टर वळणावर गेला तरी सर उभेच होते, असं त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, मला नंतर सांगितलं.

थंडी पडू लागली तशी सरांच्या पायावर सूज यायला लागली. हा चहा चाखून पिणारा माणूस, पण स्वतःच्या शरीराची तपासणी त्याने कधी केली नव्हती. परभणीला दाखवलं तेव्हा किडन्या जवळजवळ गेलेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला गेले तेव्हा ते मशीनला जोडलेले होते आणि नळीतून रक्त कसं फिरतं ते नर्सला विचारत होते. मला बघून म्हणाले, "हे मात्र सरळ खरं खरंच निघालं, मॅडम. खोटं खोटं करायला येळच दिला न्हाई." मला रडू आवरलं नाही. आजाऱ्यासमोर रडू नये हे मला कळतं, पण मी रडले. सर मला समजावत बसले.

"दादाला कळवलं का?" मी विचारलं.

"न्हाई. फडावर हाय. हंगामात माणूस सोडत न्हाईत. पाडव्याला येईल की." मग थोडं थांबून म्हणाले, "आल्यावर बारी बघंल."

हंगाम संपेपर्यंत सर राहिले नाहीत. फडावर निरोप गेला. दादा मिळेल त्या गाडीने निघाले, पण पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. ते रात्रभर ओट्यावर बसून राहिले आणि सकाळी परत गेले. वहिनी आणि सगळं बिऱ्हाड तिकडंच होतं. सुनंदाताई म्हणाल्या, जाताना त्यांनी दाराशेजारच्या खिळ्याकडे एकदा पाहिलं.

कॉलेजात आता त्या विषयाचे तास दुसरे सर घेतात. त्यांनी मला सांगितलं की सरावाची नेटवर्कं कायमची नसतात. चालवणारे कधीतरी ती बंद करतात आणि नवी काढतात. मग जुन्यावर जे काही असेल ते गेलं. म्हणजे माणिक सरांनी जे सगळ्या गावाच्या वहीत उतरवलं, ती वहीच एक दिवस नसेल. खऱ्या नेटवर्कवर न्यायचं राहूनच गेलं. ते ऐकून मला सर नव्याने गेल्यासारखं झालं.

पाडवा झाला आणि सुनंदाताईंचा फोन आला. दादा आले होते. मला यायला सांगितलं होतं, सरांच्या शेवटच्या टेस्टला कुणीतरी कॉलेजातलं हवं म्हणून. मी गेले तर विहिरीवर भावकी जमलेली होती. दादा कठड्याला टेकून उभे होते, सरांसारखेच उंच, फक्त उन्हाने करपलेले. मोटारीला तो करार जोडलेला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. बटण कुणीही दाबावं, पाणी त्याच्या शेतात जाणार. आणि पाण्याची गरज तर सगळ्यांनाच होती.

सखाराम पुढे आला. "दादा, एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुमी फडावर असताना म्या मोबाईलवर तुमची बारी माझ्या नावावर करून बघितली. दोनदा दाबलं."

दादा त्याच्याकडे वळले. "मग?"

"हे आलं." त्याने मोबाईल पुढे केला. "माणिकला दवाखान्यात नेलं त्याच हप्त्यात. मग मोटारीकडं जायला माझा पाय उचलंना."

दादांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी मोबाईल माझ्याकडे दिला. "बाई, वाचा."

मी वाचलं. "थांब. दादा फडावर गेलाय. बारी त्याचीच हाय. मला आठवतंय."

पुढचा काही वेळ मला नीट आठवत नाही. सुनंदाताई खाली बसल्या होत्या. दादांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, त्यांना न दिसणाऱ्या त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुमी त्याला शेवटचं कवा बघितलं?"

मी सांगितलं. परभणीच्या स्टँडवर. डायलिसिस करून ते सुनंदाताईंबरोबर परत निघाले होते, मी गाडीपर्यंत सोडायला गेले होते. पाय सुजलेले, धाप लागलेली, उभं राहवत नव्हतं. गाडीला सोनपेठची पाटी होती. तरी ते सुनंदाताईंच्या खांद्यावर हात ठेवून आधी कंडक्टरपाशी गेले, मग ड्रायव्हरपाशी, आणि वर चढून पहिल्या बाकावरच्या म्हातारीला त्यांनी विचारलं, सोनपेठलाच जायलीय ना? ती म्हणाली, होय लेकरा, बस. मग खिडकीशी बसले आणि काचेतून माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. खात्री झाली, अशी.

दादा हसले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असावेत, आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं. "म्याच सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. "पहिल्यांदा परभणीला धाडला तवा. एवढंसं होतं. म्हणलं, पाटीवर जाऊ नगं बाळा, पाटी खोटी असती. माणसाला इचार."

त्यांनी डोळे पुसले आणि मोबाईल सखारामला परत दिला. मग मोटारीच्या पेटीजवळ जाऊन उभे राहिले, पण बटणाला हात लावला नाही. भावकीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "आज बारी कुणाची हाय?"

सखारामने आधी सांगितलं, मग एकेक करून सगळ्यांनी. "तुमची, दादा."